पाटीमागची खुर्ची

१

सकाळी लिफ्ट सुरू झाली की पहिल्या खुर्चीत मी बसते. माझा नवरा रुपर्ट खालचं स्टेशन सांभाळतो, मी वरचं. स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणारी आमची ही लिफ्ट जुनीपुराणी आहे, तारेला टांगलेल्या दोन-दोन माणसांच्या लाकडी खुर्च्यांची, आणि आमच्या गायींसारखी तीही स्वतःच्या मनाला येईल तशी चालते. शेजारच्या खोऱ्यात काचेचे डबे आलेत, आत गरम गाद्या. आमच्या हिंटरकार गावात येणारे पाहुणे म्हणतात, आम्हाला तुमची हीच आवडते, हिच्यात जुन्या काळाची मजा आहे. म्हणायला त्यांचं काय जातं? त्यांच्या बुडाखालचा बर्फ झाडायला आम्ही दोघं आहोतच.

रात्री बर्फ पडला की सकाळचं हे झाडणं ठरलेलं. मी वर जात असते आणि शेजारच्या तारेवरून रिकाम्या खुर्च्या एकामागून एक खाली येत असतात. बसल्यावर पोटापुढे पाडायची आडवी दांडी प्रत्येकीची वर उचललेली, प्रत्येकीच्या फळीवर उशीएवढा बर्फ. रुपर्ट खाली झाडू घेऊन उभाच असतो. अर्धी लिफ्ट चढली की खाली घळ लागते. तिथे वारा नसतो, आवाज नसतो, फक्त डोक्यावर चाकांची करकर. मला ती जागा आवडायची. घरातली सगळी कटकट खाली राहिली, असं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात, नाताळ उलटल्यावर, घळीच्या मध्यावर समोरून एक खुर्ची आली. तिची दांडी खाली पाडलेली होती. फळीच्या एका बाजूला सगळ्यांसारखीच बर्फाची उशी होती. दुसऱ्या बाजूला एक माणूस बसेल एवढं लाकूड कोरडं होतं.

खुर्ची माझ्या शेजारून गेली. मी मान वळवून बघत राहिले. वर पोचल्यावर रुपर्टला फोन केला आणि तसं सांगितलं. तो म्हणाला, वारं असेल. वाऱ्याने बर्फ उडतो हे मलाही कळतं. पण वारं एकाच माणसापुरतं फळी पुसून मग दांडी कशी पाडेल, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला की पाहुणे रांगेत उभे आहेत, आणि फोन ठेवला.

२

आता घरातली कटकट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रुपर्टचा बाप विगिल. मी त्याला बाबा म्हणते आणि तूच म्हणते. आमच्याकडे चर्चच्या वरच्या अंगाला सगळेच एकमेकांना तू म्हणतात, अहोजाहो फक्त पाहुण्यांना. बाबाने जन्मभर खालचं स्टेशन चालवलं आणि माझी सासू फिलोमेना हिने वरचं. संध्याकाळी लिफ्ट बंद करायची एक रीत आहे. शेवटचा पाहुणा चढला की त्याच्यामागच्या खुर्चीवर लाल पाटी चढवायची. पाटी वर पोचली म्हणजे तारेवर कोणी उरलं नाही. मग वरच्याने बटण दाबायचं. खुर्च्या रात्रभर जिथल्या तिथे लटकतात.

आम्ही पाटी पट्ट्याने फळीवर बांधतो. बाबा बांधत नसे. तो स्वतः ती मांडीवर घेऊन शेवटचा वर यायचा. फिलोमेना खिशात गरम उकडलेला बटाटा घेऊन थांबलेली असायची. तो उतरला की ती बटण दाबायची, आणि दोघं अर्धा-अर्धा बटाटा खात, कोणी मागे राहिलंय का म्हणून हाका मारत, स्कीवरून खाली यायची. गावातली म्हातारी माणसं अजून त्या हाकांची आठवण काढतात.

फिलोमेना गेली आणि बाबाचं डोकं हळूहळू ठिकाणावरून सुटत गेलं. जेवला ते आठवेना, नातलग ओळखू येईनात. पण उन्हं कलली की पायात घरातल्या नमद्याच्या सपाता, डोक्यावर नीट बसवलेली टोपी, आणि स्वारी खालच्या स्टेशनात हजर. रुपर्टपुढे दोन्ही हात पसरून म्हणायचा, "पाटी दे." रुपर्ट म्हणायचा, उद्या, बाबा. मग बाबा पाहुण्यांच्या रांगेत उभा राहायचा आणि जो तो हसत फोन काढायचा. कोणीतरी ते फोनवर पसरवलं. सपातांतला म्हातारा बघायला म्हणून लोक येऊ लागले.

ओटिलीचं हॉटेल म्हणजे आमचं अर्धं गाव जगवणारं घर. ती एक दिवस केक घेऊन आली. गोड बोलली. त्याच्या भल्यासाठी म्हणते, हंगामापुरतं घरात ठेवा, म्हणाली. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत आम्ही दोघांनी मान डोलावली होती. खरं सांगायचं तर आम्हाला कोणीतरी हे म्हणायला हवंच होतं.

कारण त्याच दुपारी मी काही सामान न्यायला खाली आले होते. बाबा रांगेपाशी उभा होता. एका पाहुणीने हसत विचारलं, हे आजोबा तुमचे कोण? चार लोक बघत होते. सपाता ओल्या झाल्या होत्या, विजारीची गुंडी उघडी होती. माझे कान तापले.

"गावातलेच आहेत कोणीतरी," मी म्हटलं.

बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढून मान लववली. आमच्याकडे अनोळखी बाईला तसं करतात.

संध्याकाळी रुपर्टने त्याच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. घळीतली ती खुर्ची मला दिसली दुसऱ्या दिवशी सकाळी.

३

मग ती रोज दिसू लागली. बर्फ पडलेला असो की नुसता दवाचा पांढरा थर, एक खुर्ची एका माणसापुरती कोरडी आणि दांडी खाली. मी मनाशी वाद घालायचे. कोणी टवाळ पोरं करत असतील. पण रात्रीची लिफ्ट बंद, आणि खाली घळ. पक्षी बसत असेल. एवढा मोठा पक्षी? मग काही दिवस मी समोर बघायचंच सोडलं. हातमोज्याचे धागे बघत वर जायचे. घळ आली की अंग आपोआप आखडायचं आणि ती खुर्ची शेजारून गेलेली मला न बघताही कळायचं. दांडी खाली असली की खुर्ची हेलकावत नाही, भरल्यासारखी जाते.

खुर्ची रोज एकच नसते, हे माझ्या लक्षात आलं. प्रत्येकीवर आकडा आहे, आणि आकडा रोज वेगळा. त्याने मला केवढा दिलासा मिळाला. एखादी खुर्चीच बिघडली असती तर भीती वाटावी. रोज वेगळी म्हणजे योगायोग, दुसरं काय?

हा दिलासा मोडला तो पट्ट्याने. संध्याकाळी मी पाटी सोडून घेते आणि पाठीला लावून खाली नेते. लाल पट्टा तसाच खुर्चीला राहतो, सकाळी रुपर्ट तो काढतो. एकदा हातमोज्यातून नजर वर गेली तेव्हा बर्फातून लोंबणारा लाल पट्टा समोरून जात होता, आणि त्याच्या मागची खुर्ची कोरडी होती. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज पाटीमागचीच खुर्ची.

मी वरच्या केबिनमध्ये बसून हे डोक्यात नीट लावलं. पाटी माझ्यापाशी आली की मी बटण दाबते. तिच्यामागची खुर्ची तेव्हा उतारावरच्या उंचवट्याआड असते. मला ती कधीच दिसत नाही. ती तिथेच रात्र काढते.

मी रुपर्टला सांगितलं, आज ती खाली आली की थांबव आणि फळीला हात लावून बघ. मी वरून फोन कानाला लावून होते. लिफ्ट थांबली.  तो म्हणाला, लाकूड आहे. मी विचारलं, गार आहे की गरम? तो म्हणाला, लाकडासारखं आहे, आणि लिफ्ट सुरू केली. संध्याकाळी मी पाहिलं तर तो उजवा तळहात विजारीला पुन्हा पुन्हा पुसत होता. गाय उठून गेल्यावर तिच्या जागेवर हात ठेवला तर कसं लागतं, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी पुढे विचारलं नाही.

घरी बाबाला सूप भरवताना त्याचे कान पांढरे दिसले. थंडी चावलेल्या माणसाचे असतात तसे, कडांना मेणासारखे. खोली शेगडीच्या पाठीला आहे, घरातली सगळ्यांत उबदार. कडी जशीच्या तशी. खिडकीला उन्हाळ्यातल्या माश्यांसाठी जाळी ठोकलेली आहे ती तशीच.

मी कानांना चरबी चोळली आणि रुपर्टला काही सांगितलं नाही.

४

उन्हाळ्यात आम्ही माणसांत येतो. बर्फ वितळतो, ओटिलीचं हॉटेल अर्धं बंद असतं, येतात ते चार-दोन डोंगर चढणारे, घामेजलेले, कोणाकडे न बघणारे. रुपर्टने कडी काढली नाही, पण लावणं बंद केलं. बाबा दारात बसायचा, कोंबड्यांशी भांडायचा, आमच्याबरोबर गवताला यायचा. दाताळं हातात दिलं की त्याचे हात अजून सगळं जाणत होते. मी रोज लिफ्टने वर जायचे आणि खुर्च्या निमूट समोरून जायच्या, दवाने सगळ्या सारख्याच ओल्या. मला वाटलं, सुटलो.

ऑगस्टात चर्चचा सण आला. बँड, बाहेरगावचे लोक, ओटिलीने बोलावलेला टीव्हीवाला. सकाळी रुपर्ट माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे.  एका दिवसाचा तर प्रश्न होता. मी बाबाला आवडतात तसे पावाचे गोळे घातलेलं सूप आत ठेवलं, त्याला चांगला शर्ट घातला, आणि बाहेर येऊन कडी लावली. बँडच्या आवाजात आतली थाप ऐकू येत नव्हती. आम्ही नाचलोसुद्धा.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी मी लिफ्टमध्ये बसले, घळ आली, आणि सगळ्या निथळणाऱ्या खुर्च्यांमध्ये पाटीमागची खुर्ची समोरून आली. दांडी खाली, अर्धी फळी कोरडी. कोरड्या फळीच्या कडेला पावाचा एक ओला गोळा ठेवलेला होता. अर्धा खाल्लेला.

तेव्हा मला कळलं, आणि कळून चुकल्यावर माणसाला जी भीती वाटते तिच्यापेक्षा लाज जास्त होती. डोंगरात काही नव्हतं, घळीत काही नव्हतं. जे काय होतं ते आमच्या दारावरच्या कडीत होतं.

दोन दिवसांनी गवत उलटवताना बाबा एकदम शहाण्यासारखा बोलला. तसं कधीमधी व्हायचं, ढग बाजूला सरावा तसं. दाताळ्यावर हात टेकून म्हणाला, "बुर्गी, तू थांबत नाहीस."

मी विचारलं, कुठे थांबत नाही?

"वर. पाटी आली की लगेच बंद करतेस. पाटीच्या मागे माणूस असतो."

"कोण असतं, बाबा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी अगदी बावळट विचारलं होतं.

"मीच की. दुसरं कोण असणार?" तो म्हणाला आणि गवत उलटवू लागला.

मी त्याला त्याच जागी म्हणू शकले असते, चल, उद्या तुला पाटी देते. लिफ्ट आमचीच. त्याला हवं होतं ते एवढंसंच होतं, पाटी मांडीवर घेऊन वर यायचं आणि वर कोणीतरी थांबलेलं असायचं. मी म्हटलं, ऊन चढलंय, टोपी घाल.

५

या हिवाळ्यात पहिला बर्फ लवकर पडला. हॉटेल भरलं. ओटिली या वेळी केक घेऊन आली नाही, नुसती भेटल्यावर हसली. आणि आम्ही कडी लावली. मी लावली. रुपर्ट तेव्हा जिन्यात पाठ करून उभा होता.

बाबा आता फार बोलत नव्हता. बोटांची टोकं काळवंडत चालली होती. डॉक्टर म्हणाला, वयामुळे रक्त तिथवर पोचत नाही, ऊब द्या. ऊब देतोच की, मी म्हटलं. म्हणताना डॉक्टरच्या डोळ्यांत बघवेना. त्या पाटीमागच्या खुर्चीत त्याच्या अशा किती रात्री निघतील, हे मला कळत होतं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं. आज बटण दाबायचं नाही. पाटी येऊ द्यायची, आणि मागची खुर्चीही येऊ द्यायची. कोणी असेल तर उतरवून घ्यायचं, कोणी नसेल तर वेडी मी, मग डॉक्टरकडे मी जाईन. खिशात मी गरम बटाटा घेतला होता. हे सांगायलाही संकोच वाटतो, पण घेतला होता.

धुकं उतारावर टेकलं होतं. वरच्या खोपटात दारू पिणारे पाच-सहा पाहुणे खाली जायला निघाले होते आणि केबिनपाशी स्की बांधत रेंगाळले होते. त्यांच्यातल्या एकाला मागच्या वर्षीचा सपातांतला म्हातारा फोनवर पाहिल्याचं आठवत होतं. कुठे गेला तो, वारला का, असं तो सगळ्यांना विचारत होता.

पाटी आली. मी पट्ट्यातून ती सोडवली आणि लिफ्ट चालू ठेवली. फोन वाजला. रुपर्टने विचारलं, पाटी पोचली ना? मी म्हटलं, पोचली, थांब जरा.  फोनमधून मला त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने ठेवला नाही.

पाहुणे माझ्याकडे बघू लागले. लिफ्ट बंद का होत नाही, असं त्यांना वाटलं असणार. तार करकरत होती, आणि त्या करकरीत एक फरक पडला. भरलेली खुर्ची खांबावरून जाताना चाकं दबून बोलतात. आयुष्य त्यावर काढलंय, मला तो आवाज झोपेतही कळेल.

उंचवट्यावरच्या धुक्यातून आधी खुर्चीची पायटेकणी बाहेर आली. तिच्यावर दोन सपाता होत्या. डाव्या सपातीला निळ्या लोकरीचं ठिगळ होतं, ते मीच शिवलेलं. मग गुडघे, त्यांवर साचलेला बर्फ. मग दोन हात. काहीतरी सपाट वस्तू धरल्यासारखे ते मांडीवर ठेवलेले होते आणि मध्ये काही नव्हतं.

"कोणी राहिलंय का हो?" फोनवाल्या पाहुण्याने विचारलं आणि तो उंचवट्याकडे वळायला लागला. हात खिशातल्या फोनकडे गेला होता.

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही."

आणि बटण दाबलं.

खुर्ची मागे ओढली गेल्यासारखी हलकेच झुलली आणि धुक्याने तिला झाकलं. त्याचं तोंड मला दिसलंच नाही. मी दिसू दिलं नाही. फोनमध्ये रुपर्ट म्हणाला, "बुर्गी, थांबवलीस?" मी म्हटलं, हो. त्याने सोडलेला सुस्कारा सुटकेचा होता. त्याची मला माझ्यापेक्षाही जास्त लाज वाटली, आणि मग लक्षात आलं की माझाही तसाच निघाला होता.

बटण पुन्हा उचलायला दोन बोटं पुरतात. पाहुणे स्की बांधून गेले तरी मी तिथेच उभी होते, बटणाकडे बघत. मग पाटी पाठीला लावली आणि खाली निघाले. वाट तारेखालूनच जाते. हाका मारायची रीत आहे, मी मारल्या नाहीत. कोणी ओ दिली असती तर काय केलं असतं? त्या जागी मी मान वर केली नाही. माझ्या डोक्यावर लाकूड एकदा कुरकुरलं, बसलेला माणूस वाकून खाली बघताना कुरकुरतं तसं. मी वेग वाढवला.

६

रुपर्ट घरी आला नव्हता. खालच्या स्टेशनात काहीतरी करत बसला होता. त्याला घरी यायचं नव्हतं, हे उघड होतं. मी पाटी दाराशी टेकवली आणि वर गेले. कडी मी लावली तशीच होती. ती काढताना दोनदा निसटली.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, ताठ, हात मांडीवर. दिवा लावलेला नव्हता, पण बाहेरच्या बर्फाचा उजेड होता. शेगडी धगधगत होती आणि खोलीत गोठ्याबाहेरच्या हवेसारखा गारठा होता. त्याच्या विजारीचे गुडघे ओले होते. उजव्या पायात सपात होती. डावा पाय उघडा होता.

मी त्याच्यापुढे जमिनीवर बसले. तो पाय मांडीवर घेतला. दगड बरा, एवढा गार. मी तो चोळू लागले, तोंडाने वाफ देऊ लागले. रडू येत होतं पण रडायचीही शरम वाटत होती. कोणत्या तोंडाने रडायचं? खिशातला बटाटा आठवला. अजून कोमट होता. मी तो मोडून अर्धा त्याच्या हातात दिला. त्याने तो धरला, पण खाल्ला नाही.

"आज थांबली होतीस," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता, रागाचा लवलेश नाही. "मी पाहिलं. मला बरं वाटलं. मग बटण का दाबलंस?"

खोटं बोलायला मला बऱ्याच गोष्टी सुचल्या. धुकं होतं, दिसलं नाही, रुपर्टने सांगितलं. पण त्याचा पाय माझ्या मांडीवर होता.

"लोक बघत होते, बाबा," मी म्हटलं.

त्याने विचार केला. मला समजून घ्यायचा तो खरोखर प्रयत्न करत होता. मग त्याने हळूच मान हलवली.

"लोक होते का?" तो म्हणाला. "मला तर तू एकटीच दिसत होतीस."